नगराचे समवयस्क

1 जुलै 1938 रोजी जर्मनीतील फालर्सलेबेन या पुरातन गावानजीक, हिटलरच्या आज्ञेने उभारल्या जाणाऱ्या मोटारींच्या कारखान्यासाठी जे नगर स्थापन झाले, त्यास प्रारंभी स्वतःचे नावही नव्हते. तेथे तयार व्हावयाच्या मोटारीच्याच नावाने ते ओळखले जाई, आणि जवळच्या जुन्या गढीवरून 'वोल्फ्सबुर्ग' हे नाव त्यास मिळाले ते जर्मनीच्या पराभवानंतर, 1945 च्या मे महिन्यात. 1938 साली जन्मलेला कोणीही सामान्य मनुष्य या नगराचा समवयस्क होय, आणि सेनापतींच्या बखरींपेक्षा अशा माणसाच्या वयाने मोजलेला इतिहास मला अधिक खरा वाटतो.

तो पाळण्यात असता त्याच्या पित्याने 990 मार्कांच्या मोटारीसाठी आठवड्याला पाच मार्कांचा हप्ता भरावयास आरंभ केला असेल. असे हप्ते भरणारे सुमारे 3,36,000 लोक होते. परंतु युद्ध पेटले, कारखाना लष्करी सामग्रीकडे वळला, आणि त्यांपैकी एकाच्याही दारी मोटार आली नाही. पुढे खातेदारांनी लावलेला दावा इतका रेंगाळला की, नव्या मोटारीवर फार तर सहाशे मार्कांची सूट अथवा रोख शंभर मार्क अशी तडजोड 1961 मध्ये ठरली, तेव्हा पाळण्यातले मूल तेवीस वर्षांचे झाले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. पुढच्या वर्षी इटालियन मजूर मोठ्या संख्येने वोल्फ्सबुर्गात येऊ लागले. नगराजवळची पूर्व जर्मनीची सरहद्द खुली झाली तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता, आणि या नगरातल्या मोटार-कंपनीचा कारखाना आपल्या चाकणला सुरू झाला तेव्हा एकाहत्तर.

पण हे आयुष्य ज्यांना लाभले त्यांचे. युद्धकाळात पोलंड व सोव्हिएत मुलखांतून वेठीस धरून आणलेल्या स्त्रियांना या कारखान्यात राबविले जाई; त्यांची तान्ही मुले त्यांच्यापासून हिरावून 1944 मध्ये नजीकच्या र्‍यूहेन गावच्या छावणीत ठेवण्यात आली, आणि आबाळ, अस्वच्छता व रोगराई यांनी त्यांपैकी साडेतीनशेहून अधिक अर्भके मृत्यू पावली. त्यांच्या मातांच्या श्रमावर जे नगर उभे राहिले, त्याच्या भरभराटीच्या वर्णनात या मुलांचा उल्लेख तळटीपेत असू नये, आरंभी असावा. त्या अर्भकांची वैद्यकीय जबाबदारी ज्याच्यावर होती त्या कारखान्याच्या डॉक्टरास, हान्स क्योर्बेलास, ब्रिटिश लष्करी न्यायालयाने देहदंड ठोठावला आणि मार्च 1947 मध्ये तो अमलात आला.