जुन्या वायरीतले तांबे वेगळे कसे करतात?



जुनी वायर, बिघडलेला चार्जर, मिक्सरची तुटलेली केबल आपण भंगारात देतो. पुढे तिचे काय होते, याचा कधी विचार केलाय?

आधी थोडे गणित करू. घरातल्या दिव्यांसाठी बऱ्याचदा १.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरतात. अशा १ मीटर वायरीत १.५ घनसेंटिमीटर तांबे असते. तांब्याची घनता ८.९६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे वजन झाले सुमारे १३.४ ग्रॅम. ९० मीटरच्या बंडलात सुमारे १ किलो २०० ग्रॅम! म्हणूनच भंगारात वायरीला किंमत असते. पण हे तांबे प्लॅस्टिकच्या आवरणात घट्ट बसलेले असते. ते काढायचे कसे?

जाळणे – सोपा पण घातक मार्ग

अनेक ठिकाणी वायरींचा ढीग पेटवून देतात. प्लॅस्टिक जळते, तांबे उरते. पण वायरीचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतो. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो. शिवाय डायऑक्सिन नावाची अतिविषारी द्रव्ये तयार होतात, आणि तांब्यामुळे ती तयार व्हायला मदतच होते. ती लवकर नष्ट होत नाहीत, माती-चाऱ्यातून दूध-अंड्यांपर्यंत पोहोचतात. त्यांच्यामुळे कर्करोग होऊ शकतो. २००१ च्या स्टॉकहोम करारात ज्या पहिल्या १२ प्रदूषकांची नावे आली, त्यांत डायऑक्सिनही आहेत. बरं, एवढे करून तांबेही काळे पडते आणि बारीक तारा तर जळून वाया जातात.

ग्रॅन्युलेटर काय करतो?

या यंत्रात ना आग लागते, ना रसायन. काम असे चालते :

१. निवड : तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या केबल आधीच वेगळ्या करतात. जाड केबलवरचे लोखंडी कवच काढतात, नाहीतर पाती तुटतात.

२. तुकडे : श्रेडर लांब केबलचे मोठे तुकडे करतो. राहिलेले लोखंड चुंबक ओढून घेतो.

३. बारीक कापणी : ग्रॅन्युलेटरमध्ये काही पाती स्थिर असतात, काही फिरत्या दांड्यावर बसवलेली असतात. दोन्हींमध्ये तुकडा कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. खाली चाळणी असते. तिच्या छिद्रातून जाण्याइतका बारीक होईपर्यंत तुकडा आतच फिरतो.

लांब वायरीतून तार ओढून पाहा, निघणार नाही. पण काही मिलिमीटरचा तुकडा केला, की तार आवरणातून सुटते. सगळे यंत्र या साध्या गोष्टीवर उभे आहे.

४. पाखडणी : आता तांबे आणि प्लॅस्टिक यांचा चुरा मिसळलेला असतो. तो एका तिरक्या, थरथरणाऱ्या जाळीवर पडतो. जाळीखालून हवा येते. पीव्हीसीची घनता सुमारे १.४, म्हणजे तांब्याच्या सहाव्या हिश्श्याहून थोडी कमी. हलके प्लॅस्टिक हवेवर तरंगत उताराने खाली घसरते. जड तांबे जाळीला टेकून राहते आणि थरथरीच्या धक्क्यांनी चढावर सरकते. गंमत आहे ना? जड वर जाते, हलके खाली येते! तांदळातले खडे काढणारे गिरणीतले यंत्रही असेच चालते.

चाळणी का हवी?

प्लॅस्टिकचा मोठा तुकडा आणि तांब्याचा बारीक कण यांचे वजन सारखे भरू शकते. मग हवा त्यांना कशी ओळखणार? म्हणून तुकडे साधारण एकाच आकाराचे हवेत. आजीसुद्धा धान्य आधी चाळते, मग सुपात पाखडते. तत्त्व तेच!

या यंत्रालाही मर्यादा आहेत. जुन्या टेलिफोन केबलमध्ये चिकट जेली भरलेली असते, तिने चुरा एकमेकांना चिकटतो. कापताना धूळही उडते, म्हणून ती शोषून घेणारे फिल्टर लागतात.

करून पाहा : शेंगदाणे आणि त्यांची फोलपटे सुपात पाखडा. कोण पुढे उडते, कोण मागे राहते? कारण वहीत लिहा.

लक्षात ठेवा : वायर कधीही जाळू नका. कुणी जाळत असेल तर धुरापासून लांब राहा आणि मोठ्यांना सांगा. घरातल्या जुन्या वायरी साठवून ई-कचरा संकलन केंद्रात द्या.