चिखलवाटेवरील पेडलची निवड

कर्जत तालुक्यातील आंबिवलीहून पेठच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर, अथवा खालापूरकडील भातखाचरांच्या बांधालगत, आषाढ-श्रावणात ज्याने सायकल हाकली आहे, त्याला पायाखालच्या पेडलची निवड ही केवळ हौसेची बाब नसून सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे निराळे सांगावयास नको.

या निवडीतील ‘क्लिपलेस’ पेडलचे नाव प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कारण या पेडलमध्ये बूट पक्का अडकतोच. परंतु पूर्वी पाऊल ज्या पिंजऱ्यात घालून वादीने आवळीत, त्या ‘टो-क्लिप’चे येथे उच्चाटन झाले, म्हणून हे नामाभिधान. बुटाच्या तळव्यातील क्लीट नावाची धातूची पट्टी स्प्रिंगच्या जबड्यात बसते आणि टाच बाहेर वळविताच मोकळी होते. शिमानो या जपानी कंपनीने १९९० साली तळव्याच्या खाचेत दडणारी लहान क्लीट आणली, त्यामुळे सायकल हाती धरून पायी चालणेही सुकर झाले.

आपल्या मुलखातील चिकट चिखल जबड्यात साचला, की क्लीट ना धड बसते, ना धड सुटते; म्हणून चिखलास वाट देणारी मोकळ्या रचनेची पेडले येथे इष्ट. नवशिक्याने स्प्रिंगचा ताण किमान ठेवावा, शक्यतो अनेक दिशांनी सुटणारी क्लीट घ्यावी आणि पाय सोडविण्याचा सराव प्रथम गवतावर करावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बसविताना ध्यानी ठेवावे. आणि पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर जबडा धुऊन, कोरडा करून, स्प्रिंगला तेलाचा थेंब द्यावा.