चष्म्याची ऐट

जाड कडांचा ठसठशीत चष्मा हल्ली पुरुषांना पुन्हा हवासा वाटू लागला आहे. ही हौस जुनीच. अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याने १९१७ मध्ये पडद्यावर गोल, जाड कडांचा चष्मा चढविला. त्यात भिंगेच नव्हती. तरी तोच त्याची ओळख ठरला आणि तरुणांनी त्याचे अनुकरण केले.

मीही नुकतीच तशी फ्रेम घेतली. भारदस्तपणा आला खरा. पण सम जवळ आली की मी शिष्याला भुवईने खूण करतो, ती फ्रेमआड लपली. बिचारा चुकला आणि मी त्यालाच रागावलो! तेव्हा फ्रेम खुशाल ठसठशीत घ्यावी. भुवया मात्र मोकळ्या राहतात ना, एवढे आरशात पाहून घ्यावे. साथीदाराने गवयाला झाकू नये.