प्रोस्टेटचे रेडिएशन : आधी कोणता फोटो?

मी डॉक्टर नाही. माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. परंतु मला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग निघाला आणि रेडिएशन घ्यायचे ठरले. त्या वेळी जे समजले ते मंडळातील समवयस्कांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माझ्याबरोबर शारजात आलेली मंडळी आता साठीपुढे गेली आहेत, आणि या विषयावर आपण पुरुष एकमेकांशी बोलत नाही.

निदानाच्या वेळी माझा एमआरआय झाला होता. चार महिन्यांनी रेडिएशनच्या आखणीसाठी डॉक्टरांनी सीटी स्कॅन आणि पुन्हा एमआरआय लिहून दिला. विमा कंपनीने सीटी मंजूर केला, एमआरआय मात्र 'आधीच झालेला आहे' म्हणून नाकारला. खरे सांगायचे तर मलाही ते पटले. एकच ग्रंथी, तिचे फोटो किती वेळा काढायचे? सौ. म्हणाली, "अहो, इथे काटकसर नको. आधी डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढे असते. किरण तिच्यावर पडले पाहिजेत, शेजाऱ्यांवर शक्य तितके कमी. त्यासाठी आधी तिची सीमारेषा काढावी लागते.

सीटी सहसा लागतोच, कारण शरीराचा कोणता भाग किती दाट आहे हे त्यातून कळते आणि त्यावरूनच संगणक किरणांची मात्रा मोजतो. पण सीटीत ग्रंथी आणि भोवतालचे स्नायू सारखेच करडे दिसतात. ग्रंथीचे खालचे टोक तर जवळजवळ अंदाजाने काढावे लागते. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी 1999 साली 18 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सीटीवर आखलेली ग्रंथी एमआरआयवरच्यापेक्षा सुमारे 40 टक्के मोठी भरली. रेषा मोठी, म्हणजे निरोगी भागावर किरण जास्त.

एमआरआयमध्ये ग्रंथीची कड स्वच्छ दिसते आणि आतली गाठही बहुधा दिसते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 571 रुग्णांच्या एका युरोपीय चाचणीत एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीला जादा मात्रा दिली. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण त्या गटात 92 टक्के होते, नेहमीच्या मात्रेच्या गटात 85. मात्र एमआरआयवरून दाटपणा थेट कळत नाही, म्हणून तो सीटीवर बसवतात. एका कागदावर दुसरा ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा. दोन्ही नीट जुळायला झोपण्याची पद्धत तीच हवी, मूत्राशय तितकेच भरलेले आणि गुदाशय रिकामे हवे. माझा जुना एमआरआय वेगळ्या टेबलावर काढलेला. शिवाय मधल्या काळात हार्मोनच्या इंजेक्शनांनी ग्रंथी आक्रसली होती. तो फोटो आता माझा राहिलाच नव्हता म्हणा ना!

तिसरा प्रकार पीएसएमए पेट स्कॅनचा. त्याचा प्रश्नच निराळा : रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का? ऑस्ट्रेलियातील 302 रुग्णांच्या चाचणीत (2020) या स्कॅनची अचूकता 92 टक्के ठरली, सीटी व हाडांचा स्कॅन मिळून 65. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलची 224 रुग्णांची चाचणीही पाहण्यासारखी आहे. जोखमीच्या रुग्णांत फक्त ग्रंथीला किरण द्यावेत की ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही, हे तिथे तपासले. बहुतेकांचे पीएसएमए पेट आधी झालेले होते. 2021 च्या निष्कर्षात पाच वर्षे पीएसए काबूत राहण्याचे प्रमाण गाठींनाही किरण दिलेल्यांत 95 टक्के, दुसऱ्या गटात 81 टक्के होते. कमी जोखमीच्या रुग्णाला हा खर्च बहुधा करावा लागत नाही. मलाही सांगितला नाही.

आता पैशाचे. डॉक्टरांनी 'निदानासाठी नव्हे, रेडिएशनच्या आखणीसाठी' असे स्पष्ट पत्र दिल्यावर कंपनीने एमआरआय मंजूर केला, पण त्यात 11 दिवस गेले. हे शब्द पहिल्याच अर्जात लिहून घ्या. पेसमेकर किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर आधीच सांगा. धातूमुळे सीटीवर पट्टे उमटतात. दुसऱ्या मतासाठी मुंबईला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नको, फोटोंची सीडी मागून घ्या.

पुढे डॉक्टरांनी पडद्यावर मला दोन्ही रेषा दाखवल्या, सीटीची लाल आणि एमआरआयची हिरवी. खालच्या टोकाला दोन्हींत बोटाच्या पेराएवढे अंतर होते. किरण हिरव्या रेषेप्रमाणे दिले गेले.