हंगामानुसार हिरवळीची निगा: काळी, मुरमाड आणि जांभी जमीन

शेतात हरळीच्या काशा वेचता वेचता नाकी नऊ येतात. नांगरट केली, कडक उन्हात तापवली, तरी पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते. तीच हरळी अंगणातल्या लॉनमध्ये रोज पाणी देऊनही एप्रिलअखेर करपते. असे का होते, हे समजले की हिरवळीची निम्मी निगा समजली.

शेतातल्या हरळीची मुळे आणि जमिनीखालची खोडे खोल गेलेली असतात. वरचे पाणी आटले तरी तिला खालची ओल मिळते. लॉनला मात्र आपण रोज थोडे थोडे पाणी शिंपडतो आणि गवत अगदी बुडापर्यंत कापतो. त्यामुळे मुळे वरच्या दोन-तीन इंचांतच राहतात. ऊन वाढले की हा थर तापतो, सुकतो आणि गवत जळते. म्हणून वर्षभरातले प्रत्येक काम करताना एकच गोष्ट पाहा: मुळे खोल जात आहेत की नाहीत?

आधी जमीन ओळखा

काळी जमीन: पाणी हळूहळू मुरते, पण ओल बरेच दिवस टिकते. पावसाळ्यात ती चिबड होते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. चुनखडी जास्त असेल तर लोह असूनही गवताला मिळत नाही.

मुरमाड, हलकी जमीन: पाणी लगेच मुरते आणि लगेच संपते. पाणी आणि खत दोन्ही थोड्या थोड्या मात्रेत, पण कमी अंतराने द्यावे लागते.

कोकणातील जांभी जमीन: आम्लधर्मी आणि निचऱ्याची. मुसळधार पावसात अन्नद्रव्ये वाहून जातात. पावसाळा संपला की वरचा थर झपाट्याने कोरडा होतो.

गवताची निवडही जमिनीइतकीच जागेवर ठरते. भर उन्हाची, वावर असलेली जागा असेल तर हरळी, म्हणजेच बर्म्युडा, सर्वांत काटक. कोरियन गवत गादीसारखे मऊ दिसते, पण ते सावकाश वाढते आणि तुडवले गेल्यास लवकर भरून येत नाही. झाडांच्या विरळ सावलीत रुंद पानांचे बफेलो गवत टिकते. हरळीला दिवसात किमान सहा तास ऊन हवे. आंब्याच्या दाट सावलीत ती लावून उपयोग नाही.

पावसाळा (जून ते सप्टेंबर): पाणी काढून द्या

काळ्या जमिनीत हिरवळीचे सर्वांत जास्त नुकसान साचलेल्या पाण्याने होते. पाणी दिवसभर साचून राहिले की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि त्याचा परिणाम पुढे उन्हाळ्यात दिसतो.

- घरापासून बाहेरच्या बाजूला प्रत्येक १० मीटरला १० ते २० सें.मी. उतार ठेवा. खोलगट जागा भरून घ्या. कडेने चर काढा.
- पाऊस स्थिरावला की १०० चौ.मी.ला १ किलो युरिया दोन हप्त्यांत विभागून द्या. कोकणात तीन-चार लहान हप्ते करा. गवत कोरडे असताना टाका आणि लगेच हलके पाणी द्या. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा.
- कापणी दर ७ ते १० दिवसांनी करा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका. हरळीची उंची ३ सें.मी.च्या आसपास ठेवा.
- ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवू नका. माती दबते आणि दगडासारखी घट्ट होते.
- लव्हाळा नुसता उपटला तर जमिनीतल्या गाठी राहतात आणि तो पुन्हा येतो. खुरपे खोल घालून गाठीसकट काढा. बाहेरून आणलेल्या पोयटा मातीतूनच तो बहुधा येतो, म्हणून माती घेण्याआधी जागेवर जाऊन पाहा.

नवीन लागवड किंवा रिकाम्या जागा भरण्यासाठी हाच काळ योग्य. गवताचे तुकडे ८ ते १० सें.मी. अंतरावर खोचा आणि मातीशी नीट दाबा.

हुमणीकडे लक्ष ठेवा

वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्यांच्या अळ्या पुढे जुलै ते ऑक्टोबर गवताची मुळे खातात. गवत ठिगळाठिगळांनी सुकते आणि ओढले तर चटईसारखे हातात येते. अशा जागी एक चौरस फूट गवत उचलून खालची माती पाहा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पाच किंवा जास्त पांढऱ्या अळ्या दिसल्या तर उपाय करा. मेटारायझियम ही मित्रबुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून, वेष्टनावरील मात्रेनुसार, ओल असलेल्या जमिनीत द्या. मे-जूनमध्ये भुंगेरे रात्री झाडे हलवून गोळा करणे आणि नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. अर्धवट कुजलेले शेणखत हिरवळीवर टाकू नका, त्यातून हुमणी आणि तणाचे बी दोन्ही येतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: मुळे बांधण्याचा काळ

ऑक्टोबरमध्ये ऊन असते आणि जमिनीत ओलही असते. दबलेल्या जागी लोखंडी फोर्कने १० सें.मी. खोल छिद्रे पाडा. त्यावर पोयटा, चाळलेले कुजलेले खत आणि भरड वाळू यांचे समप्रमाणातील मिश्रण अर्धा सें.मी. जाडीने पसरा. १०० चौ.मी.ला साधारण अर्धा घनमीटर, म्हणजे १८ घनफूट मिश्रण लागते. पानांची टोके वर दिसली पाहिजेत.

नाशिक, निफाड, पुणे भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाते. तेव्हा हरळीची वाढ थांबते आणि ती तपकिरी दिसते. ती मेलेली नसते. घाबरून युरिया आणि पाणी वाढवू नका. पाणी १० ते १२ दिवसांनी, सकाळी द्या. संध्याकाळचे पाणी आणि रात्रीचे दव मिळून गवत रात्रभर ओले राहते आणि बुरशीचे गोल डाग पडतात.

मंगल कार्यालयाचे लॉन किंवा कृषी पर्यटन केंद्र असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. ओल्या जमिनीवर गर्दी झाली तर माती दबते. सतरंज्या आणि मंडपाचे कापड कार्यक्रम संपताच उचला. स्टॉलची जागा दरवेळी बदला.

उन्हाळा (मार्च ते मे): पाण्याचा हिशेब आधी करा

१ चौ.मी. जागेवर १ मि.मी. पाणी म्हणजे १ लिटर. मराठवाडा, विदर्भात भर उन्हाळ्यात हिरवीगार हरळी दिवसाला ५ ते ६ मि.मी. पाणी घेते. म्हणजे १०० चौ.मी. लॉनला महिन्याला १५ ते १८ हजार लिटर, अर्थात १० हजार लिटरचे दीड ते दोन टँकर. विहिरीला पाणी कमी असेल आणि डाळिंब, मोसंबीची बागही त्याच पाण्यावर असेल, तर हा आकडा मार्चमध्येच समोर ठेवा.

पाणी पुरेसे असेल तर:

- काळ्या जमिनीत ५ दिवसांनी २५ मि.मी., म्हणजे १०० चौ.मी.ला २,५०० लिटर द्या. एकदम दिल्यास ते वाहून जाते, म्हणून तासातासाच्या अंतराने दोन-तीन वेळा विभागून द्या.
- हलक्या जमिनीत अडीच-तीन दिवसांनी १२ ते १५ मि.मी. द्या.
- तुषाराखाली उभ्या कडांचा डबा ठेवा, किती मि.मी. पडले ते कळेल. दुसऱ्या दिवशी जमिनीत लांब सळई खुपसा. १० ते १५ सें.मी. सहज गेली तर पाणी पोहोचले.
- पाणी पहाटे द्या. पाने मिटू लागली आणि पाऊल उमटून तसेच राहिले, तर पाण्याची वेळ झाली समजा.
- कापणीची उंची ४ ते ५ सें.मी. करा. उंच पाने जमिनीवर सावली धरतात.

पाणी पुरेसे नसेल तर सगळे लॉन अर्धवट हिरवे ठेवण्याचा प्रयत्न करू नका. घरालगतचा चौथा हिस्सा हिरवा ठेवा आणि उरलेली हरळी झोपू द्या. ती वाळल्यासारखी दिसेल, पण जमिनीखालची खोडे जिवंत राहतात. त्यासाठी दर १५ ते २० दिवसांनी १० ते १२ मि.मी. पाणी पुरते. या काळात खत, कापणी आणि वावर तिन्ही बंद ठेवा. पावसाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर ती पुन्हा फुटेल. कोरियन गवत इतका ताण सहन करून लवकर सावरत नाही, त्यामुळे पाण्याची खात्री नसेल तिथे ते लावूच नका.

कपडे धुण्याचे साबणाचे पाणी काळ्या जमिनीत सतत सोडू नका. त्यातील सोडियममुळे जमीन चोपण होते. बोअरवेलच्या पाण्याने जमिनीवर पांढरा थर येत असेल तर पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या.

गवत पिवळे पडले? युरिया टाकण्याआधी पान पाहा

जुनी, खालची पाने सारखी पिवळी असतील तर नत्राची कमतरता. नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. चुनखडीच्या जमिनीत दुसरे कारण जास्त आढळते आणि तिथे युरियाने फरक पडत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सकाळी फवारा. १५ दिवसांनी पुन्हा एकदा फवारणी करा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत. सगळेच लॉन पिवळे आणि माती सतत ओली असेल तर काहीही टाकण्याआधी पाणी बंद करा आणि निचरा पाहा.

आजच एक तपासणी करा. कडेचा एक फावडाभर तुकडा उचलून मुळे किती खोल गेली आहेत ते मोजा. १० सें.मी.पेक्षा कमी असतील तर रोजचे शिंपण थांबवा, कापणी अर्धा इंच वर करा आणि पाण्याच्या दोन पाळ्यांतले अंतर हळूहळू वाढवत न्या.