दार कोणी लावलं?

लेखमाला : पडद्यावरचे हेर
लेखांक ५

इयन फ्लेमिंगचा जेम्स बॉण्ड कादंबरीतून निर्माते ब्रोकोली आणि सॉल्ट्झमन यांच्या हाती कसा आला, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत त्यांच्या संस्थेचे २५ बॉण्डपट आले. एवढ्या काळात बॉण्ड झाले मात्र सहाच नट. आजचा लेखांक त्यांच्या आठवणींचा आहे.

या सहा जणांच्या मुलाखती, आत्मचरित्रं आणि माहितीपट ओळीनं पाहत गेलं, की मनात एक प्रश्न घर करतो. ज्यांचे चित्रपट धो धो चालले, त्यांतले काही जण कडवट का? आणि ज्याच्यावर टीका झाली, तो इतका समाधानी कसा? मला याचं उत्तर निरोपाच्या क्षणात सापडतं. भूमिका सुटली तेव्हा दार कोणी लावलं, त्या नटानं की दुसऱ्या कोणी? आणि तो त्याबद्दल बोलला, तेव्हा मधे किती वर्षं गेली होती?

पहिला शॉन कॉनरी. एडिंबरातल्या कामगारवस्तीत वाढलेला, कोवळ्या वयात घरोघर दूध पोहोचवणारा मुलगा. दिग्दर्शक टेरेन्स यंगनं त्याला आपल्या शिंप्याकडे नेऊन सूट शिवून घेतले, उंची राहणीचे रीतिरिवाज शिकवले. हे घडवलेलं रूप इतकं अस्सल वाटलं, की लोकांना त्यामागचा कॉनरी दिसेनासा झाला. आपल्याला दुसरंही काही करता येतं हे दाखवायला त्यानं हिचकॉकचा 'मार्नी' केला, सिडनी लुमेटचा 'द हिल' केला. तरी रस्त्यात हाक यायची ती बॉण्ड म्हणूनच. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'चं चित्रीकरण जपानमध्ये चालू असताना छायाचित्रकारांनी त्याला श्वास घेऊ दिला नाही. त्या चित्रपटानंतर, १९६७ मध्ये, तो बाहेर पडला.

१९७१ मध्ये 'डायमंड्स आर फॉरएव्हर'साठी तो परतला, ते साडेबारा लाख डॉलर घेऊन. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. ती त्यानं स्कॉटलंडमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी उभारलेल्या न्यासाला देऊन टाकली. शिवाय आपल्या पसंतीच्या दोन चित्रपटांना स्टुडिओनं पैसा पुरवावा, असंही त्यानं ठरवून घेतलं. त्यातून 'द ऑफेन्स' हा अस्वस्थ करणारा चित्रपट झाला. आता पुन्हा बॉण्ड नाही, असं तो म्हणाला खरा, पण १९८३ मध्ये वेगळ्या निर्मात्याच्या बॉण्डपटात उभा राहिला. त्या चित्रपटाला 'नेव्हर से नेव्हर अगेन' हे नाव सुचवलं ते त्याच्या पत्नीनं, मिशेलिननं.

कॉनरीच्या रागाचं मूळ इथेच आहे. चेहरा त्याचा होता, घाम त्याचा होता, पण पात्र दुसऱ्याच्या मालकीचं होतं. नाटकात एकच भूमिका अनेक नट करतात आणि प्रत्येकाची ती वेगळी ठरते. बॉण्डचं तसं नाही. नट बदलला तरी नाव, क्रमांक आणि संगीत तेच राहतं. आपल्यावाचून हे सगळं चालू शकतं, हे नटाला रोज दिसत असतं.

याचा सर्वांत मोठा चटका जॉर्ज लेझनबीला बसला. ऑस्ट्रेलियात गाड्या विकणारा, मग लंडनमध्ये मॉडेल झालेला हा तरुण अभिनयाच्या अनुभवाविषयी खोटं बोलून १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये आला. हिप्पींच्या त्या दिवसांत सूटबूटवाला हेर लवकरच जुना होणार, असा सल्ला त्याला मिळाला आणि एका चित्रपटानंतर त्यानं स्वतःच नकार दिला. चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तो दाढी वाढवून गेला होता. सल्ला किती चुकला हे पुढे जगानं पाहिलं. पण २०१७ च्या 'बिकमिंग बॉण्ड' या माहितीपटात हाच माणूस सगळी कथा मोकळेपणानं सांगतो. जे हातचं गेलं त्यासाठी तो कोणाकडे बोट दाखवत नाही. दार त्यानं स्वतः लावलं होतं, आणि तेवढा अभिमान त्याला पुरला असावा.

रॉजर मूर सात चित्रपट करून १९८५ मध्ये थांबला, तेव्हा त्याचं वय होतं ५७. शेवटच्या 'अ व्ह्यू टू अ किल'मधला गोळ्यांचा पाऊस त्याला आवडला नव्हता, आणि हे त्यानं लपवलं नाही. बंदुकीची त्याला मुळातच धास्ती होती. ज्याला सगळं जग ओळखतं तो गुप्तहेर कसला, असं तो हसत म्हणायचा. पण मला त्याची वेगळीच आठवण मोलाची वाटते. 'ऑक्टोपसी'साठी तो उदयपूरला आला होता. कबीर बेदी त्यात खलनायकाचा साथीदार होता. भारतात पाहिलेली गरिबी मूरच्या मनातून गेली नाही. पुढे ऑड्री हेपबर्नमुळे तो युनिसेफकडे वळला, १९९१ मध्ये तिथला सदिच्छादूत झाला आणि आयोडीनच्या कमतरतेमुळे मुलांची वाढ खुंटू नये म्हणून देशोदेशी फिरला. लोक बॉण्डला पाहायला येत आणि मूर त्यांना मुलांविषयी सांगे. इतरांना जाचलेला तो शिक्का त्यानं असा कामाला लावला.

टिमोथी डाल्टनच्या वाट्याला दोनच चित्रपट आले. त्यानं फ्लेमिंगची पुस्तकं पुन्हा वाचून बॉण्ड गंभीर केला. पण कोर्टकज्ज्यांत वर्षं गेली आणि १९९४ मध्ये तो बाजूला झाला.

पिअर्स ब्रॉस्ननची कहाणी मनाला लागते. आयर्लंडहून लंडनला आलेल्या या अकरा वर्षांच्या मुलानं तिथे 'गोल्डफिंगर' पाहिला होता. १९८६ मध्ये बॉण्डची भूमिका त्याच्या हातात आली आणि दूरचित्रवाणीच्या कराराने ती काढून घेतली. १९९४ मध्ये ती पुन्हा मिळाली. चार चित्रपट गाजले. पाचव्याचं बोलणं चालू असताना, बहामात चित्रीकरणावर असलेल्या ब्रॉस्ननला फोनवर कळवण्यात आलं, की आता तुम्ही नाही. पुढे अनेक वर्षांनी तो म्हणाला, की आपले बॉण्डपट आपल्याला पाहवत नाहीत, आपण कॉनरी आणि मूर यांच्यामध्ये कुठेतरी अडकून राहिलो. ज्याचा निरोप दुसऱ्यानं ठरवला, तो आपलं काम शांतपणे मागे वळून कसं पाहणार?

डॅनिअल क्रेगची निवड होताच त्याच्या सोनेरी केसांवरून गदारोळ झाला. 'कॅसिनो रोयाल'नं टीकाकारांची तोंडं बंद केली, पण अचानक आलेल्या प्रसिद्धीनं तो घरात पडदे ओढून बसू लागला. २०१५ मध्ये, 'स्पेक्टर' संपल्यावर, पुन्हा बॉण्ड करण्यापेक्षा मनगट कापून घेईन, असं तो बोलून गेला. ते वाक्य जगभर फिरलं. प्रत्यक्षात चित्रीकरण संपून दोनच दिवस झाले होते आणि गुडघा दुखावलेला होता. घायकुतीला आलेल्या शेतकऱ्याला दिवस मावळताना शेतीबद्दल विचारावं, तसं ते झालं. सहा वर्षांनी, 'बीइंग जेम्स बॉण्ड' या माहितीपटात तोच क्रेग निर्मात्यांशी बोलत मायेनं सगळं आठवतो. मधल्या काळात फरक पडला होता. शेवटच्या दोन चित्रपटांत तो सहनिर्माता होता, आणि त्याच्या बॉण्डला कथेतच शेवट मिळाला. त्याच्या हातून दार हळूच, नीट लागलं.

म्हणून एखाद्या नटाची मुलाखत वाचताना आधी तिची तारीख पाहा. थकव्यात निघालेला उद्गार आणि वीस वर्षांनी आलेली समजूत, दोन्ही खरीच. फक्त पहिल्याला आपण त्याचं शेवटचं मत मानू नये.

पुढच्या आठवड्यात : ॲलेक गिनेस आणि जॉर्ज स्मायली. तिथे उलटं घडलं. नटानं भूमिका अशी काही केली, की ते पात्र आपल्या हातून निसटलं, असं खुद्द लेखक जॉन ल कॅरेला वाटू लागलं.