रुळाला कळतं ते फक्त चाकाचं वजन

भूम तालुक्यातल्या ईट गावातून रेल्वे जात नाही. या भागाची जुनी रेल्वे म्हणजे दक्षिणेकडची ‘बार्शी लाइट’. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती 1897 साली सुरू केली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, आणि रूळ मीटरला जेमतेम 15 किलोचे.

एवढ्या हलक्या रुळावरून भरपूर माल न्यायचा कसा? कॅलथ्रॉपचं उत्तर मला आजही फार देखणं वाटतं. गाडी एकूण किती जड आहे याचं रुळाला काही नाही. एकेका अॅक्सलखाली किती भार येतो, त्यावर सगळं ठरतं. म्हणून इंजिन असो की वाघीण, एका अॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. अॅक्सल वाढवले, भार वाटला गेला.

आज मालगाडीच्या एका अॅक्सलवर 23 टनांच्या आसपास भार असतो आणि चाक रुळाला टेकतं ते नखाएवढ्या जागेत. त्यासाठी मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा, 172 मिलिमीटर उंचीचा रूळ लागतो. चाकाखाली तो वाकतो तेव्हा माथा दाबला जातो आणि पाया ताणला जातो. मध्यावर ताण सर्वांत कमी. म्हणून पोलाद वर आणि खाली एकवटलेलं, मधली भिंत मात्र साडेसोळा मिलिमीटरचीच.

त्या पोलादात कार्बन साधारण 0.6 ते 0.8 टक्के. थंड होताना मऊ लोह आणि कठीण लोह-कार्बाइड यांचे अतिसूक्ष्म थर आलटून पालटून बसतात. कठीण थर झीज रोखतात, मऊ थर तडकू देत नाहीत. खरा वैरी हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात तो थोडा जरी अडकला, तरी आत केसासारख्या चिरा पडू शकतात. म्हणून ओतण्याआधी निर्वातात तो उपसून काढतात.

आता रूळ जोडून सलग करतात. तापमान 40 अंशांनी वाढलं, तर मोकळा एक किलोमीटर रूळ जवळजवळ अर्धा मीटर लांबेल. स्लीपर आणि खडी त्याला लांबू देत नाहीत, तेव्हा प्रत्येक रुळात सुमारे 75 टनांचा दाब साठतो. खडी सैल झाली, तर हाच दाब रुळाला बाजूला फेकतो. म्हणून रूळ ठरावीक तापमानापलीकडे तापला, की खडी हलवण्याचं काम थांबवतात आणि ट्रॅकमन भर उन्हात लाइनवर गस्त घालतात.